दिल्लीच्या चित्रात स्याहगोश

स्याहगोश या मार्जारकुळातल्या वन्यप्राण्याचं व्यक्तिचित्र काढायचं तर सुरुवात कानांपासून करावी, असं माझं मत आहे. कान चुकले तर कागदावर उंच पायांचं एक तांबूस मांजर तेवढं उरतं. हे लांब, टोकदार कान मागून काळे असतात आणि टोकांवर काळ्या केसांचे झुपके असतात. झुपक्याचा एकेक केस बुडापासून वर ओढत ब्रश अलगद उचलायचा, की रेघ निमुळती होते. माझा ब्रश कृत्रिम केसांचा आहे. मुंगसाच्या केसांच्या ब्रशांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे; शिवाय एका वन्यप्राण्याच्या चित्रासाठी दुसऱ्याचा जीव जावा, हे पटत नाही.

अंगावर ठळक ठिपके-पट्टे नसल्यानं सगळी भिस्त रंगछटांवर. पिवळ्या मातीत थोडा गेरू मिसळला की पाठ साधते; हनुवटी आणि पोट फिकट ठेवायचं. डोळ्यापासून नाकाकडे एक काळी रेघ उतरते. डोळे मात्र घरच्या मांजरावरून काढू नयेत. भर उन्हात मांजराच्या बाहुलीची उभी फट होते, स्याहगोशाची बाहुली गोलच राहून आकसते. मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब. त्यांच्या जोरावर तो उंच उसळून उडता पक्षी हवेतच पाडतो.

या कसबामुळेच माणसानं त्याला शिकारीसाठी पाळलं. फिरोजशहा तुघलकाच्या काळात (१३५१–१३८८) दिल्लीत स्याहगोशांसाठी ‘स्याहगोशदारखाना’ हे वेगळं खातंच होतं. रिजवरचा, म्हणजे दिल्लीतल्या अरवलीच्या टेकड्यांवरचा, मालचा महाल ही त्याच राजवटीतली शिकारगाह मानली जाते. पुढे अकबरानंही स्याहगोश बाळगले. त्याच्या चित्रशाळेत १५६०च्या सुमारास रंगलेल्या ‘तूतीनामा’तल्या एका गोष्टीत स्याहगोशाचं कुटुंब चक्क सिंहाची गुहा बळकावतं आणि पिल्लांना सिंहाचंच मांस हवंय अशी बतावणी करून परतलेल्या सिंहाला पळवून लावतं. लहान चणीच्या या प्राण्याचा तोरा गोष्ट रचणाऱ्यानं नेमका हेरला होता.

आज दिल्लीत तो नाही. भारतात त्याचा वावर प्रामुख्यानं रणथंभोरच्या परिसरात आणि कच्छमध्ये उरला आहे, आणि संख्या पन्नासच्या आसपास असावी असा अंदाज सांगितला जातो. २०२१ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळानं अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या पुनरुज्जीवन कार्यक्रमात त्याचा समावेश केला. एवढ्या मोठ्या वारशाच्या प्राण्याकडे लक्ष जायला फारच उशीर झाला, असं मला तीव्रपणे वाटतं. त्याला दाट अरण्य लागत नाही. काटेरी झुडपं, खडकाळ माळ, घळी पुरतात. आणि नेमकी हीच जमीन आपण ‘पडीक’ म्हणून खाणींना, कारखान्यांना, वसाहतींना देत आलो.

म्हणून चित्राची पार्श्वभूमी कोरी सोडायची नाही, असं मी ठरवलं. पण आजच्या रिजचं हुबेहूब चित्रण करूनही भागत नाही. तिथे जिकडेतिकडे दिसणारा विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, मूळचा अमेरिकेतला. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिज हिरवीगार करण्यासाठी तो लावला. तुघलकाच्या स्याहगोशानं तो कधी पाहिला नसणार. जुन्या अरवलीचा अंदाज घ्यायचा तर गुरुग्राम-फरीदाबादच्या सीमेवरच्या मांगर बनीत जावं. गावकऱ्यांनी देवराई म्हणून राखलेल्या या रानात आपल्या धावड्याचा भाऊबंद असलेला धौ अजून दाट उभा आहे. रोंज, म्हणजे आपला हिवर, अरवलीतलाच. माझ्या चित्रात स्याहगोशामागे धौ आणि हिवर आहेत, पायाखाली गुलाबी झाक असलेला गारगोटीचा खडक आहे. कीकर एकही नाही.