पाऊस ‘लांबला’ म्हणजे नेमकं काय?

आम्ही सांताक्रूझहून बोलतोय. आजचा विषय एक साधं विशेषण : लांब. माहेर लांब, केस लांब, जावेच्या मावशीची नात ती लांबची. इथपर्यंत सगळा अंतराचा मामला. पण लग्न लांबतं, कर्जाची मंजुरी लांबणीवर पडते, तेव्हा तोच शब्द काळ मोजायला लागतो.

पंचाईत होते ती पावसाची. जूनमध्ये ‘पाऊस लांबला’ म्हटलं तर तो अजून आलेलाच नाही. ऑक्टोबरमध्ये म्हटलं तर तो जायचं नाव घेत नाही! पहिल्यात पेरणी थांबवायची, दुसऱ्यात काढलेलं सोयाबीन झाकायचं. बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असा निरोप आला तर आधी तारीख बघा, जुने निरोप फिरत असतात.

याचाच शहरी भाऊ म्हणजे ‘दीर्घ’. हवामान खातं एप्रिलमध्ये ‘दीर्घ पल्ल्याचा अंदाज’ देतं. पल्ला खरा अंतराचा. लांब पल्ल्याच्या गाड्या धरायला आम्ही सांताक्रूझकर वांद्रे टर्मिनसला जातो. हवामानात मात्र पल्ला महिन्यांचा : जून ते सप्टेंबर, चारही मिळून. ‘दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के’ म्हणजे सर्वसाधारण पाऊस. ही सरासरी १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची, अख्ख्या देशाची, ८७ सेंटीमीटर. तुमच्या शिवाराची नव्हे, आणि येत्या आठवड्याची तर मुळीच नव्हे.

किती फरक पडावा? २६ जुलै २००५ला आमच्या सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच वेळी कुलाब्याला जेमतेम ७४च्या आसपास. एकाच मुंबईत!

तेव्हा टीव्हीवर ‘यंदा चांगला पाऊस’ ऐकून बी मातीत टाकू नका. दुबार पेरणीचा खर्च शेवटी घरातल्या बाईच्याच डब्यातून जातो. आपल्या रानात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून चांगली ओल झाल्यावरच पेरा, असं कृषी विभागही सांगतो. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो, त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. गटात एकीने तो तारखेसकट मोठ्याने वाचावा, आणि ‘लांबला’ आलं की लगेच विचारावं : यायला, की जायला?