मुलांचें लेखन आणि शेजारचें जग

मुलांच्या निबंधाच्या वह्या चाळल्या असतां एक गोष्ट सहज ध्यानांत येते. ‘आमचे शेजारी’ हा विषय दिला, तर चाळीस मुलांचे चाळीसही शेजारी मनमिळाऊ, परोपकारी आणि अडीअडचणीस धांवून येणारे असतात. त्यांतील एकाचेंही नांव, धंदा वा बोलण्याची लकब वाचकास कळत नाहीं. कारण निबंध बाजारांतील तयार पुस्तकांतून उतरलेला असतो. भाषा कच्ची म्हणून लेखन वाईट, असें पालक समजतात. आमचें मत निराळें आहे. सांगण्यासारखें कांहीं जवळ नसतें आणि वाचणारा कोणी समोर नसतो, म्हणून मुलाची लेखणी अडते. या दोन्ही उणिवा भरून काढण्याचें साधन उंबरठ्याबाहेरच आहे. तें म्हणजे आपली आळी, आपला बाजार, आपला गांव.

या तत्त्वाचा एक प्रयोग फ्रान्स देशांत झाला, तो जाणून घेण्याजोगा आहे. सेलेस्तँ फ्रेने हा पहिल्या महायुद्धांत फुप्फुसास जखम होऊन परतलेला तरुण शिक्षक १९२० सालीं बार-सुर-लू या डोंगराळ भागांतील गांवच्या शाळेवर रुजू झाला. वर्गांत फार वेळ बोलणें त्यास झेपत नसे. तो मुलांना घेऊन गांवांत व शिवारांत फिरावयास जाई, कारागिरांचीं कामें दाखवी; परत आल्यावर मुलें पाहिलेलें सांगत व तें लिहिलें जाई. १९२४ सालीं त्यानें वर्गांत एक लहानसें छपाईचें यंत्र आणलें. मुलें स्वतःचा मजकूर खिळे जुळवून छापूं लागलीं, आणि १९२६ मध्यें ब्रिटनी प्रांतांतील त्रेगुंक या समुद्रकांठच्या गांवच्या शाळेशीं त्या कागदांची देवघेव सुरू झाली. आपल्याला जें रोजचें, तें दूरच्या मुलांना नवें, हें एकदां कळलें म्हणजे विषय शोधीत बसावें लागत नाहीं. आणि वाचणारा अनोळखी आहे हें ठाऊक असलें, कीं वाक्य स्पष्ट लिहावेंच लागतें.

आपणांस छपाईच्या यंत्राची जरूर नाहीं. तिसरी-चौथींतील मुलाला बाजारांत न्यावें, एवढें पुरे. समूहदर्शक शब्दांची यादी तें व्याकरणाच्या पुस्तकांतून घोकतें. बाजारांत कोथिंबिरीची जुडी, केळ्यांची फणी, मिरच्यांचा वाटा, विड्याच्या पानांची कवळी हे शब्द वस्तूंसह त्याच्या हातीं येतात. वैशाखांत आंबेवाल्याकडील अढींत एकदां हात घालून आंतली ऊब अनुभवली, कीं ‘अढी’ हा शब्द मूल जन्मांत विसरत नाहीं. शिंप्याच्या दुकानांत काज, टीप, धावदोरा, उसवण. चांभाराजवळ आरी आणि रापी. हे शब्द ज्यांच्या हातांत राहिले, त्यांच्याचकडून ते घ्यावे लागतात.

जाण्यापूर्वीं मुलाकडून तीन प्रश्न लिहवून घ्यावे. ‘तुम्ही काय करतां?’ या प्रश्नास एका शब्दाचें उत्तर मिळतें. ‘आज सकाळपासून काय काय केलेंत?’ असें विचारलें, तर कामांचा क्रम मिळतो, आणि तोच परिच्छेदाचा क्रम होतो. घरीं आल्यावर त्याच दिवशीं दहा वाक्यें लिहावींत. त्यांपैकीं एक त्या गृहस्थाच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत असावें. तपासतांना आधीं मजकूर पाहावा, शुद्धलेखन मागाहून. आम्ही जन्मभर संस्कृत शिकलों व शिकविलें. तरी सांगतों कीं, मुलानें ‘टांके घातले’ असें लिहिलें असतां तें खोडून ‘सीवन केलें’ असें घालूं नये.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. तो निबंध ज्याच्याविषयीं लिहिला, त्याला नेऊन वाचून दाखवावा. ‘बाळ, आधीं धावदोरा, मग टीप,’ अशी दुरुस्ती शिंपीकाकाच करूं शकतात, मास्तर नव्हे. दुसरेंही एक फळ मिळतें. आपल्या घरांत ‘शिंपी आला होता’, ‘त्याला उद्यां यायला सांग’ अशी भाषा मुलांच्या कानांवरून जाते. ज्याला वाचून दाखवावयाचें, त्याच्याविषयीं एकवचनांत लिहितांना मात्र मूल अडखळतें. ‘बसतो’ पुसून ‘बसतात’ करतें. आदरार्थी बहुवचनाचा नियम पुस्तकांत एका ओळीचा आहे. परंतु तो असा शिकलेलें मूल पुढें कोणत्याही कष्टकऱ्याशीं बोलतांना पाळील, अशी आशा करण्यास जागा आहे. विद्या केवळ आपल्याच माजघरांत नांदते, ही समजूत ज्या घरांनीं पिढ्यान् पिढ्या बाळगिली, त्या घरांना हा धडा विशेष उपकारक आहे.

महाराष्ट्रांत २०२० च्या कायद्यानें सर्व शाळांत मराठी शिकविणें सक्तीचें झालें. २०२४ सालीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. दोन्ही गोष्टी आनंदाच्या आहेत. तथापि इंग्रजी शाळेंत जाणारा नातू घरांत मराठी बोलतो आणि आजीला चार ओळींचें पत्र लिहूं शकत नाहीं, हें चित्र घरोघर दिसतें. कायद्यानें मराठीचा तास मिळतो. लिहिण्याची ओढ घरानेंच लावावयाची असते.

ज्या घरांत दोन-तीन पिढ्या एकत्र नांदतात, तेथें हें कठीण नाहीं. आजोबांनीं मुलांना बाजारांत न्यावें, आजीनें वही तपासावी, रविवारीं जेवणें आटोपल्यावर सर्वांनीं ऐकावें. नागपूरच्या मावसभावानें संत्र्यांच्या बाजाराविषयीं लिहावें, कोंकणांतल्या आतेबहिणीनें सुपारी सोलण्याविषयीं, आणि एकमेकांस टपालानें पाठवावें. दिवाळीच्या सुट्टीपासून आरंभ केला, तर उन्हाळ्याच्या सुट्टींत सर्व भावंडें एकत्र जमतील तेव्हां वाचावयास एक वही तयार असेल. आणि आपल्या आळींत कोण काय करतें, हें मोठ्या माणसांनाही तींतून समजेल.