चाळीस यार्डांची परीक्षा

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, असें आपल्याकडील म्हण सांगते. परंतु पाळण्यांतले पाय पाहून त्या मुलाच्या पुढील दहा वर्षांचें मोल आजच ठरवा, आणि तें चुकलें तर कोट्यवधि डॉलर पाण्यांत गेले असें समजा, असा पेंच कोणीं आपल्यापुढें टाकला, तर या म्हणीचा आधार कितपत पुरेल? अमेरिकेंतील धंदेवाईक फुटबॉलच्या बत्तीस संघांपुढें हा पेंच दरवर्षीं वसंतऋतूंत उभा राहतो. तो ते कसा सोडवितात, आणि कोठें फसतात, हें पाहण्यासारखें आहे. कारण तरुण माणसाची पारख करण्याचा प्रसंग केवळ फुटबॉलवाल्यांवरच येतो असें नाहीं.

ज्यांस हा खेळ ठाऊक नाहीं त्यांच्याकरितां दोन शब्द सांगणें अवश्य आहे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतों तो खेळ हा नव्हे. दोन्ही बाजूंस अकरा अकरा गडी, चेंडू लंबगोल, आणि मैदान एका गोलरेषेपासून दुसरीपर्यंत शंभर यार्ड. चेंडू ज्या संघाकडे असेल त्यानें चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढें सरकावयाचें. तें साधलें तर पुन्हां चार प्रयत्न, न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाकडे. चेंडू हातांत घेऊन धांवतां येतें. किंवा क्वार्टरबॅक नांवाचा सूत्रधार तो पुढें फेंकतो व दुसऱ्यानें तो झेलावयाचा असतो. रांगेच्या टोंकाशीं उभा राहणारा हा झेलकरी म्हणजेच वाइड रिसीव्हर. प्रतिपक्षाचा राखणदार त्याच्या अंगाशीं चिकटून धांवत असतो. त्या राखणदाराला चकवून ठरल्या क्षणीं ठरल्या जागीं पोंचावयाचें, आणि चेंडू हातांत येतो न येतो तोंच अंगावर आदळणाऱ्या धक्क्याला न जुमानतां तो धरून ठेवावयाचा, हें त्याचें काम.

हे खेळाडू विद्यापीठांतून येतात. संघांनीं त्यांची निवड करण्याची जी रीत आहे तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. आदल्या हंगामांत जो संघ सर्वांत मागें पडला त्याला पहिल्यानें निवडण्याचा मान. मग त्याच्या वरचा, असें करीत अजिंक्य संघ शेवटीं. आणि अशा सात फेऱ्या. दुबळ्याला हात देणारी ही रीत १९३६ सालीं सुरू झाली, आणि पारख करणें किती अवघड आहे याचा दाखला पहिल्याच दिवशीं मिळाला. त्या वर्षीं सर्वांआधीं ज्याचें नांव पुकारलें गेलें तो जे बरवँगर धंदेवाईक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाहीं! २०११ सालच्या करारापासून नवख्या खेळाडूचा मोबदला तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला यावरून जवळजवळ ठरून जातो. म्हणजे पहिल्या फेरींतल्या व तिसऱ्या फेरींतल्या मुलाच्या मिळकतींत कित्येक पटींचें अंतर पडतें. ज्यानें तोंवर विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर दिवस काढले आहेत, त्याच्या घरच्यांना हें अंतर केवढें वाटत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

निवडीपूर्वी या मुलांची परीक्षा होते. १९८७ सालापासून ती इंडियानापोलिस शहरीं भरत आली आहे. उंची व वजन घेतात, हाताची लांबी मोजतात, वीतसुद्धां मोजतात. कारण झेलकऱ्याची वीत मोठी असणें उपकारक समजलें जातें. उभ्यानें उंच उडी, जागच्या जागीं लांब उडी, तीन खुणांभोंवतीं वळत धांवणें, डॉक्टरी तपासणी आणि मुलाखती, असें सगळें यथासांग चालतें. परंतु ज्या एका परीक्षेकडे साऱ्यांचे डोळे लागलेले असतात ती म्हणजे चाळीस यार्डांची सरळ धांव. साडेचार सेकंदांच्या आंत आला तर मुलगा वेगवान. त्याच्या पलीकडे गेला तर पारखी मंडळी कपाळाला आंठ्या घालूं लागतात.

२०१७ सालची गोष्ट घ्या. त्या वर्षीं वॉशिंग्टन राज्यांतील दोन विद्यापीठांतून दोन झेलकरी इंडियानापोलिसला आले. एक जॉन रॉस, सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा. दुसरा कूपर कप, चेनी या लहानशा गांवांतील ईस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठाचा. रॉस ४.२२ सेकंदांत धांवला. तेथील आजवरचा विक्रम मोडला, आणि तो पुढें २०२४ पर्यंत अबाधित राहिला. कपला ४.६२ सेकंद लागले. चार दशांश सेकंद म्हणजे कागदावर कांहींच नाहीं. पण मैदानावर त्याचे सुमारें चार यार्ड होतात, आणि चार यार्डांची मोकळीक म्हणजे झेलकऱ्याला पर्वणीच. सिनसिनाटीच्या बेंगल्स संघानें रॉसला नवव्या क्रमांकावर घेतलें. कपचें नांव पुकारलें जाण्यास तिसरी फेरी उजाडावी लागली. लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघानें त्याला एकुणसत्तरावा घेतला.

आतां हातांत केवळ घड्याळ न धरतां या दोघांची पारख कशी करावी? आमच्या मतें असा पारखी चार प्रश्न विचारील.

पहिला प्रश्न असा कीं, हा मुलगा राखणदारापासून सुटतो कसा? सरळ रेषेंत धांवणें निराळें आणि भर वेगांत एकदम थांबून काटकोनांत वळणें निराळें. झेलकऱ्याच्या वाटा ठरलेल्या असतात. कांहीं आंत वळतात, कांहीं बाहेर, कांहीं परत मागें येतात. सर्व वाटांचा आरंभ जो हुबेहूब सारखा ठेवील, त्याचा राखणदार शेवटपर्यंत गोंधळांत राहतो. हें कसब घड्याळांत सांपडत नाहीं; सामन्यांच्या चित्रफिती पुन्हां पुन्हां पाहूनच तें कळतें. कपची खरी शक्ति येथें होती.

दुसरा प्रश्न हातांचा. चेंडू बोटांनीं पकडतो कीं छातीवर घेतो? अंगावर धक्का येणार हें दिसत असतां नजर चेंडूवर राहते कीं धक्का देणाऱ्याकडे वळते? किती झेल घेतले याबरोबरच हातांत आलेले किती सोडले, हेंही मोजलें पाहिजे.

तिसरा प्रश्न, हें सारें त्यानें कोणाविरुद्ध केलें? कपनें चार वर्षांत ४२८ झेल घेऊन ६,४६४ यार्ड मिळविले व ७३ वेळां टचडाउन केला. आंकडे डोळे दिपविणारे खरे, पण त्याचे बहुतेक प्रतिस्पर्धी लहान विद्यापीठांचे. ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ अशी शंका कोणीही घेईल, आणि ती घेणें रास्तच होतें. तिचें उत्तरही मात्र समोर होतें. त्या चार वर्षांत त्याच्या संघाचे चार सामने मोठ्या विद्यापीठांशीं झाले: ओरेगन स्टेट, वॉशिंग्टन, ओरेगन आणि वॉशिंग्टन स्टेट. या चार सामन्यांत मिळून कपनें ४० झेल, ७१६ यार्ड आणि ११ टचडाउन केले. यांतला एक सामना खुद्द रॉसच्या विद्यापीठाशीं होता! भारी प्रतिपक्षापुढें ज्याचा खेळ उणा न होतां उलट चढतो, त्याच्याविषयीं आणखी कोणता पुरावा हवा होता?

चौथा प्रश्न शरीराचा आणि शिकण्याच्या वृत्तीचा. रॉसला २०१५ चा सबंध हंगाम गुडघ्याच्या दुखापतीमुळें मुकावा लागला होता. कपचें वय निवडीच्या वेळीं चोविशीच्या उंबरठ्यावर होतें, म्हणजे त्याची वाढ होऊन गेली असा आक्षेप घेण्यास जागा होती. मात्र त्याचे वडील व आजोबा दोघेही धंदेवाईक फुटबॉल संघांत राहिलेले. तेव्हां या धंद्याला काय लागतें हें त्याला घरींच कळलेलें होतें. घराण्यानें कोणी झेल घ्यावयास शिकत नाहीं हें खरें. पण अभ्यासाची शिस्त घरांतून येते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

पुढें काय झालें? पहिल्या हंगामांत रॉसच्या नांवावर एकही झेल लागला नाहीं. त्याच हंगामांत कपनें ६२ झेल घेतले. रॉसनें २०१७ ते २०२१ या पांच हंगामांत मिळून जे झेल घेतले त्यांची बेरीज केली तर तीही ६२ च भरते! २०२१ च्या हंगामांत कप १४५ झेल, १,९४७ यार्ड व १६ टचडाउन करून तिन्ही बाबतींत सर्वांच्या पुढें राहिला. आणि १३ फेब्रुवारी २०२२ रोजीं अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला तो दैवयोगानें रॅम्स आणि बेंगल्स यांच्यांतच. दीड मिनिटहि उरलें नव्हतें. बेंगल्स पुढें होते. त्या वेळीं कपनें विजयाचा टचडाउन झेलला, रॅम्सनीं २३–२० असा सामना जिंकला, आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान कपकडे गेला. पांच वर्षांपूर्वी ज्या संघानें वेगाची निवड केली होती, त्याच संघानें हा झेल समोर उभें राहून पाहिला. रॉस तोंवर तो संघ सोडून गेला होता.

येथें थांबून ‘घड्याळ खोटें, नजर खरी’ असा निकाल देणें सोपें आहे. पण तो निकाल न्यायाचा होणार नाहीं. रॉस ४.२२ सेकंदांत धांवला हें खोटें नव्हतें. विद्यापीठांतील शेवटच्या वर्षीं त्यानें १७ टचडाउन झेलले होते, तेंही खोटें नव्हतें. २०१८ सालीं त्यानें धंदेवाईक मैदानावर अवघ्या २१ झेलांत ७ टचडाउन केले. तेव्हां त्याच्या अंगीं गुण नव्हते असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. दुखापतींनीं त्याचा पिच्छा पुरविला. कपलाही २०१८ सालीं गुडघ्याची जबर दुखापत झाली होती. तो तीतून सांवरला. त्याला जाणते प्रशिक्षक मिळाले, आणि २०२१ सालीं मॅथ्यू स्टॅफर्डसारखा क्वार्टरबॅक मिळाला, जो सकाळीं त्याच्या जोडीला बसून चित्रफितींचा अभ्यास करी. निवड करणाऱ्याची दृष्टि आणि निवडलेल्याचें दैव यांची सरमिसळ करून मागाहून शहाणपण सांगणें कोणालाही जमतें. शिवाय वेगाची कदर करणारे नेहमींच फसतात असेंही नाहीं. केल्विन जॉन्सन हा सहा फूट पांच इंच उंचीचा धिप्पाड मुलगा २००७ सालीं ४.३५ सेकंदांत धांवला, डेट्रॉइटनें त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलें, आणि २०१२ सालीं त्यानें एका हंगामांत १,९६४ यार्डांचा विक्रम केला. त्याच्या बाबतींत घड्याळ आणि नजर दोन्ही एकच गोष्ट सांगत होतीं.

खरी परीक्षा होते ती या दोन साक्षीदारांचें एकमेकांशीं पटत नाहीं तेव्हां. याचें जुनें उदाहरण जेरी राइसचें. मिसिसिपी राज्यांतील एका गवंड्याचा हा मुलगा वडिलांच्या हाताखालीं काम करतांना भावांनीं फेंकलेल्या विटा झेलीत असे. मिसिसिपी व्हॅली स्टेट या लहान विद्यापीठाकडून खेळतांना १९८४ सालीं त्यानें २७ टचडाउन झेलले. चाळीस यार्डांची त्याची धांव मात्र मंद म्हणूनच नांवाजली गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनीं त्याचा खेळ प्रथम पाहिला तो ह्यूस्टनच्या एका हॉटेलांत, दूरदर्शनसंचावर. वॉल्श यांनीं पाहिलें तें असें कीं, घड्याळाच्या लेखीं मंद असलेल्या या मुलाला सामन्यांत मागून कोणी गांठूं शकत नाहीं. १९८५ च्या निवडींत त्यांनीं आपल्या पहिल्या तीन फेऱ्यांचे हक्क देऊन वरची जागा विकत घेतली आणि सोळाव्या क्रमांकावर राइसला उचललें. त्याच्याआधीं दोन झेलकरी घेतले गेले होते. पहिल्या हंगामांत राइसच्या हातून इतके झेल सुटले कीं प्रेक्षकांनीं त्याची हुर्यो केली. मग मात्र वीस हंगाम, १,५४९ झेल आणि २२,८९५ यार्ड! त्या पहिल्या वर्षीं वॉल्श यांनीं आपली निवड चुकली असें म्हटलें असतें तर?

आम्हांला या सगळ्यांतून एक गोष्ट विशेष जाणवली. पारखी जो फसतो तो पुष्कळदां अज्ञानानें फसत नाहीं, भीतीनें फसतो. वेगवान मुलगा निवडला आणि तो पुढें निष्फळ ठरला तर दोष कोणी देत नाहीं. ‘घड्याळच तसें सांगत होतें’ हें उत्तर तयार असतें. परंतु मंद मुलगा निवडावयाचा तर ‘मला तसें दिसलें’ एवढेंच सांगतां येतें, आणि चुकलें तर सारा भार एकट्यावर. आंकडा हा पारख्याचें ज्ञान वाढवितो यांत शंका नाहीं. पण त्याच्या आड लपतांही येतें. परीक्षेंतले गुण पाहून मुलाची किंमत करणाऱ्या आम्हां वडील माणसांना हें ठाऊक नाहीं असें थोडेंच आहे?

दर फेब्रुवारीच्या सुमारास इंडियानापोलिसला घड्याळें पुन्हां बाहेर निघतात, आणि ती निघावयासच हवीं. मात्र त्यानंतर पारख्यानें दार लावून, जेथें हा मुलगा आपल्याहून बलिष्ठ प्रतिपक्षापुढें उभा होता त्या तीनचार सामन्यांच्या चित्रफिती पुन्हां एकदां पहाव्या. कूपर कपचे ते चार सामने २०१७ सालीं सर्वांनाच पाहावयास मिळत होते. तरीही त्याच्याआधीं अडुसष्ट नांवें पुकारलीं गेलीं.