धामकाठच्या माणसांचा स्वस्त समुद्र

नकाशात वर्ध्यावर बोट ठेवलं की दोन्ही समुद्र जवळजवळ सारखेच लांब दिसतात. सरळ रेषेत मोजलं तर पश्चिमेला मुंबई आणि पूर्वेला विशाखापट्टणम, दोन्ही सहाशे किलोमीटरांच्या आसपास. इतक्या आतल्या मुलखाचं समुद्राशी नातं लांबचंच राहिलं. १९३० साली दांडीला मीठ उचललं गेलं, तेव्हा वऱ्हाडापुढे प्रश्न होता की मिठाचा कायदा मोडायचा तरी कसा. अकोल्याकडे दहिहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यातून मीठ काढलं गेलं. पुढे लोकनायक बापूजी अण्यांनी यवतमाळ जिल्ह्यात जंगल सत्याग्रह उभा केला. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी मिठाच्या सत्याग्रहाची छावणी चालवली ती मुंबईत, विलेपार्ल्याला.

आज एका रात्रीत समुद्र गाठता येतो. तरीही आपल्याकडच्या कितीतरी घरांत समुद्राची सहल म्हणजे लग्नानंतर एकदा घेतलेलं गोव्याचं पॅकेज, नाहीतर शाळेची ट्रिप. कारण पैशाचं सांगितलं जातं. माझं म्हणणं असं की प्रवास, मुक्काम आणि जेवण या तिन्हींत भरपूर काटकसर करता येते, आणि ती केली तर नोकरदार किंवा शेतकरी कुटुंबालाही चार दिवसांचा समुद्र परवडतो. पाण्यात उतरण्याच्या बाबतीत मात्र एक रुपयाचीही काटकसर करू नये.

तुलनेसाठी स्पेनचं उदाहरण घेऊ. तिथल्या उत्तर किनाऱ्यावर, बास्क प्रांतात मुंडाका नावाचं गाव आहे. नदीच्या मुखाशी साचलेल्या वाळूच्या दांड्यावर अटलांटिकच्या लाटा फुटतात आणि जगभरचे सर्फर तिथे गोळा होतात. बघण्यासारखंच ठिकाण आहे. पण तिथे जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या नुसत्या अर्जाचं शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो आहे. दोघा नवरा-बायकोच्या अर्जाला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात चौघांचं कुटुंब वर्ध्याहून मालवणला स्लीपरने जाऊन परत येतं, आणि वर पैसे उरतात.

आधी रस्ता. वर्ध्याहून मुंबई रेल्वेने साडेसातशे किलोमीटरांच्या थोडी वर आहे आणि स्लीपरचं भाडं माणशी पाचशेच्या आत बसतं. संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस धरली की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तिथून गेटवे ऑफ इंडिया जवळच आहे. गेटवेहून मांडव्याला बोट जाते आणि बोटीच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसही येते. म्हणजे आदल्या संध्याकाळी वर्ध्यात चहा घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी अलिबागजवळ नागावला किंवा आक्षीला वाळूत बसलेला असतो, हॉटेलची एक रात्रही न मोजता. पावसाळ्यात ही बोट बंद असते, एवढं लक्षात ठेवावं.

दुसरा रस्ता लांबचा, पण मला जास्त आवडणारा: नागपूर-मडगाव गाडी. ती वर्धा, पुलगाव, धामणगाव, बडनेरा, अकोला करत पनवेलवरून कोकण रेल्वेला लागते आणि चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ असे थांबे घेते. ती विशेष गाडी म्हणून धावते, रोज नसते आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते. तेव्हा आधी तिची तारीख, मग रजेचा अर्ज. कुडाळला उतरलं की मालवण एसटीने तासाभराचं. महिलांना एसटीत निम्मं तिकीट, पासष्टच्या वरच्यांनाही निम्मं आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास. आजी, आई आणि मुलगी अशा तिघी निघाल्या तर किनाऱ्यावरचं फिरणं निम्म्या किंवा त्याहून कमी पैशांत होतं. रोज नवं गाव बघायचं असेल तर एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास विचारा. आगारात मागितल्याशिवाय त्याची आठवण कोणी करून देत नाही.

दिवाळीची सुट्टी आणि नाताळचा आठवडा या दोन काळांत कोकण सगळ्यात महाग असतं. भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात ज्या खोलीला जे भाडं पडतं, ते डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात किंवा संक्रांतीनंतर, सोमवार ते गुरुवार, बरंच खाली येतं. पाणीही याच दिवसांत चांगलं असतं: तारकर्लीला तळ दिसण्याइतकं स्वच्छ, लाटा लहान, हवा सुखाची. आपल्याकडची बरीच कुटुंबं मात्र मे महिन्यात निघतात, वर्ध्याच्या पंचेचाळीस अंशांतून सुटका म्हणून. तिकडे पारा कमी असला तरी घामाने जीव नकोसा होतो, आणि मेच्या शेवटी समुद्र फुगायला लागतो. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात म्हणून जूनचा पंधरवडा मोकळा दिसतो, पण तो समुद्राचा काळ नव्हे. १ जूनपासून दोन महिने मासेमारीलाही बंदी असते. मच्छीमार ज्या पाण्यात होडी घालत नाही, त्यात आपण पाय घालू नये.

मुक्कामासाठी राज्याच्या पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदवलेली घरं शोधावीत. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि तारकर्ली, देवबाग, वायरी, भोगवे, वेंगुर्ला इथे माडाच्या वाडीत दोन-तीन खोल्या बांधून भाड्याने देणारी घरं उभी राहिली. समुद्र दिसणाऱ्या खोलीचे पैसे वेगळे लागतात. रस्त्याच्या आतल्या बाजूचं घर घ्या. समुद्र पाच मिनिटांवरच असतो. ठरवताना फोनवर दोन गोष्टी स्पष्ट विचारा: सकाळची न्याहारी धरून भाडं किती, आणि जेवण घरीच मिळेल का. घावणे-चटणी, आंबोळी-उसळ, कुळथाची पिठी-भात, सोलकढी हे शाकाहारी माणसाचंही पोट नीट भरणारं जेवण आहे. मासे खाणाऱ्यांनी सुरमई-पापलेटचा हट्ट सोडावा. बांगडा आणि तारली तिथल्या लोकांचं रोजचं खाणं, चवीला कुठेही कमी नाही आणि ताटाची किंमत बरीच उतरते. सकाळी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढत असतील तर हात लावायला जा, बघत बसा. या दिवसांतला तो सगळ्यात सुंदर आणि बिनपैशाचा खेळ. जाताना यजमानांसाठी गोरस भांडारातला गोरसपाक न्या. वर्ध्याचं एवढं चांगलं दुसरं काय नेणार?

पाहण्याच्या ठिकाणांवर फार खर्च करू नये. मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग किल्ला मात्र चुकवू नका. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं. चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. विहिरीच्या तळाकडे बघत उन्हाळे काढणाऱ्या आपल्या भागातल्या माणसाला त्या बघताना जे वाटतं, ते इतरांना क्वचितच वाटेल.

आता पाण्याकडे येतो. आपली मुलं वर्ध्याकडच्या धाम नदीत, विहिरीत, नाहीतर तरणतलावात पोहायला शिकतात. समुद्र ओढतो आणि तो धोका वरून दिसत नाही. २०१६च्या फेब्रुवारीत मुरूडला सहलीला आलेले पुण्याचे विद्यार्थी बुडाले. तेव्हा ना पाऊस होता, ना वादळ. म्हणून भरती-ओहोटीचं गणित घरूनच शिकून जावं. त्याला खर्च नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. कोकणातले मच्छीमार तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. दिवसातून भरती दोनदा येते, म्हणून तीच वेळ पहाटे-दुपारीही धरायची आणि रोज पाऊण तास पुढे सरकवायची. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज मुंबईकडे बरा जुळतो, मालवणकडे भरती सुमारे तासभर आधी येते. नेमकी वेळ यजमानांना विचारावी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी भांगाचे दिवस निवडावेत आणि पाणी चढत असताना, कमरेपर्यंतच उतरावं.

दोन्हीकडे लाटा फुटत आहेत आणि मधला पट्टा शांत, गढूळ दिसतो, तिथे आत ओढणारा प्रवाह असण्याची शक्यता असते. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. ओढला गेलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर हात मारत बाजूला व्हा आणि मग लाटांबरोबर परत या. नदी समुद्राला मिळते तिथे, म्हणजे देवबागच्या संगमासारख्या जागी, पोहायला उतरूच नये. बायकांनी साडी किंवा ओढणीवर पाण्यात जाऊ नये. ओलं कापड पायात गुंडाळतं. बाजारातली नायलॉनची अर्धी पँट आणि टी-शर्ट पुरे, आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. होडीत लाइफ जॅकेट अंगावर बांधलेलं हवं, फळीखाली ठेवलेलं नको.

लाटेवर उभं राहायला शिकायचं असेल तर महाराष्ट्राच्या थोडं खाली सरका. उत्तर गोव्यात आश्वे, मोरजी, हरमल या किनाऱ्यांवर सर्फिंग शिकवणारे आहेत. कर्नाटकात मंगळुरूजवळ मुल्कीला देशातल्या जुन्या सर्फिंग मंडळींचा अड्डा आहे आणि शेजारच्या ससिहित्लूला २०१६ साली इंडियन ओपन ही स्पर्धा भरली. पावसाळा सोडून इकडे लाटा लहान असतात, आणि शिकणाऱ्याला त्याच हव्या. सकाळी जमिनीवरून मतलई वारा वाहत असतो तेव्हा पाणी गुळगुळीत असतं. दुपारी खारा वारा सुटला की ते विस्कटतं. त्यामुळे सकाळचाच तास मागा. फोमचा मोठा बोर्ड, घोट्याला बांधायची दोरी आणि कमरेइतक्या पाण्यात शेजारी उभा राहणारा शिक्षक या तिन्ही गोष्टी असतील तरच पैसे द्या. नुसता बोर्ड भाड्याने घेऊन आपापलं उतरणं स्वस्त पडतं. तेवढं स्वस्त टाळा. पैसे कमी असतील तर घरातल्या एकानेच एक धडा घ्यावा, बाकीच्यांनी काठावरून बघावं. तेही कमी आनंदाचं नसतं.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जायचं तर तिकीट नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात काढावं लागेल, आणि परतीचं सव्वीस जानेवारीच्या गर्दीआधीचं धरा. संक्रांत साधारण १४ तारखेला, तिच्यानंतर आठवड्याने येणारे सोमवार ते गुरुवार कॅलेंडरवर खुणा करून ठेवा आणि त्यांत अष्टमी कुठे येते ते आजच बघा.