नेता त्यांचा, पंतप्रधान आपला
शास्त्रीजींच्या निधनानंतर १९ जानेवारी १९६६ रोजी काँग्रेसच्या खासदारांनी मतदान करून नेता निवडला. इंदिरा गांधींना ३५५, मोरारजी देसाईंना १६९ मते पडली. देशाचा पंतप्रधान त्या पेटीतून निघाला. बाहेरच्या जनतेला मत नव्हते. मुंबईच्या कामगाराला इंदिराजींच्या जयापेक्षा मोरारजींच्या पराजयाचेच समाधान अधिक वाटले असेल, तर नवल ते काय? जानेवारी १९५६ चा गोळीबार झाला, तेव्हा मुख्यमंत्री मोरारजीच होते. तो विसरलेले गिरणगाव आम्हांला ठाऊक नाही. पण त्या समाधानाने ज्वारी काही स्वस्त झाली नाही. जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलरला ४.७६ ऐवजी ७.५० रुपये पडू लागले. जनतेची पाळी १९६७ मध्ये आली. लोकसभेत १९६२ साली ३६१ जागा जिंकणारी काँग्रेस २८३ वर उतरली.