पाण्याची ओढ आणि पाण्याची जाण

सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. तथापि येथे पाणवठ्यांची वाण नाही. शहरातील सिद्धेश्वर व संभाजी तलाव, जवळचा हिप्परगा तलाव, १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा विस्तीर्ण जलाशय, पंढरपूरची चंद्रभागा आणि डाळिंबाच्या बागांलगत झालेली शेततळी ही त्यांपैकी काही होत. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांची पावले साहजिकच तिकडे वळतात.

शांत दिसणारे पाणी सुरक्षित असतेच असे नाही. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उजनी जलाशयात उलटली आणि सहा जणांना प्राण गमवावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या प्रतिबंधासाठी जाहीर केला.

धोका कोठे असतो?

गाळ वा मुरूम काढलेल्या तलावात गुडघाभर पाण्यातून एका पावलात पुरुषभर पाणी लागते. नदीपात्रात वाळूउपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. धरणातून पाणी सोडल्यास पातळीही वाढते. शेततळ्याचा धोका निराळाच आहे. त्याच्या उतरत्या बाजूंवरील प्लास्टिकचे अस्तर ओले होताच निसरडे बनते व पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही.

सार्वजनिक जलतरण तलावात खोलीचे आकडे वाचूनच उतरावे. उथळ भागात सूर मारल्यास मानेला गंभीर इजा होते. पाण्याखाली श्वास रोखण्याच्या पैजा लावू नयेत. जीवरक्षक हजर असला, तरी लहान मुलांवरील पालकांची नजर ढळता कामा नये. कारण बुडणारी व्यक्ती बहुधा ओरडत नाही, ती निःशब्दपणे पाण्याखाली जाते.

मदत व प्रथमोपचार

एकाला वाचविण्यासाठी दुसऱ्याने उडी घ्यावी आणि दोघेही बुडावेत, असे वारंवार घडते. म्हणून प्रथम आरडाओरडा करून माणसे जमवावीत. काठावरूनच बांबू, दोर, धोतर किंवा साडी पुढे करावी अथवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकावा.

बाहेर काढलेल्या व्यक्तीला उलटे टांगणे, गरगर फिरविणे वा पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार अपायकारक आहेत. त्यात मोलाची मिनिटे वाया जातात. श्वास थांबला असल्यास तिला उताणे निजवून प्रथम तोंडाने श्वास द्यावा. त्यानंतर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावेत आणि दर ३० दाबांनंतर दोन श्वास द्यावेत. दरम्यान दुसऱ्याने १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. व्यक्ती शुद्धीवर आली, तरी तिला रुग्णालयात नेणे आवश्यक आहे.

पंचायत व शाळा

शेततळ्यास कुंपण, काठाला पक्का बांधलेला व पाण्यापर्यंत पोहोचणारा गाठींचा दोर आणि हवा भरलेली एक ट्यूब एवढ्या साधनांचा खर्च अल्प आहे. सुटी लागण्यापूर्वी ग्रामसभेत गावातील धोक्याच्या जागांची यादी करून तेथे फलक लावता येतील. शिक्षकांनी वरील प्रथमोपचाराचे प्रात्यक्षिक जाणकाराकडून करून घ्यावे. पोहणे शिकविणे उत्तमच. परंतु कोठे उतरू नये हे शिकविणे त्याहून अगत्याचे आहे.