अनुदान म्हणजे खैरात नव्हे
मिरजेच्या तरुण कारागिरांच्या एका अर्जावरून

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एखाद्या दुकानात म्हातारे उस्ताद कानशीने घोडीचा माथा घासत तंबोऱ्याची जवारी लावताना दिसतात, आणि त्याच घरातला मुलगा मोबाइलच्या दुकानात नोकरीला असतो. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतून एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी हा हुन्नर उभा केला. पंढरपूर भागातला भोपळा आणि तुणाचे लाकूड यांतून देशभरच्या मैफलींना वाद्ये गेली. उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावच्या दर्ग्यात विसावले आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव राखले जाते. हात राखायचे तर नवी मुले कामाला बसायला हवीत.

हेच मनाशी धरून तेथील तीन तरुण आमच्याकडे एक अर्ज तपासून घ्यायला आले होते. वडीलधाऱ्या कारागिरांच्या कामाचे चित्रीकरण करायचे, मोहल्ल्यातील दहा मुलांचा सहा महिन्यांचा वर्ग चालवायचा आणि शेवटी प्रदर्शन भरवायचे, असा बेत होता. बेत चांगला होता, पण अर्ज मात्र कच्चा होता. पहिले दीड पान ‘थोर परंपरा’ आणि ‘उपेक्षित समाज’ यांनी भरलेले. कोण शिकवणार, कुठे, आठवड्यातून किती दिवस, याचा पत्ता नाही. पैसे देणाऱ्याला नेमके तेच हवे असते. दुःखाचे वर्णन चार ओळींत आटोपावे, कामाचे वर्णन दोन पाने करावे.

खर्चाच्या तक्त्यात लाकूड होते, भोपळे होते, तारा होत्या, छपाई होती. उस्तादांच्या मेहनतान्याच्या रकान्यात शून्य! विचारले तर उत्तर आले, “चाचा घरचेच आहेत, त्यांना काय पैसे द्यायचे?” आमचे व्यापारी बांधव येथेच चुकतात. घरच्या माणसाची मजुरी मालाच्या किमतीत धरायची नाही, आणि मग धंदा परवडत नाही म्हणून हळहळायचे. आम्ही हिशेब मांडून दाखवला. आठवड्यातून दोन दिवस, चोवीस आठवडे, म्हणजे ४८ दिवस. रोज ८०० रुपये धरले तरी ३८,४०० रुपये होतात. ही रक्कम मागण्यात लाज कसली? उलट शून्य पाहून तपासणाऱ्याला शंका येते की या लोकांना खर्चाचा अंदाजच नाही.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक होता. जवारी हे प्रत्येक घराचे गुपित. ती कॅमेऱ्यासमोर उघड करायला चाचा राजी आहेत का? मुलांनी विचारलेच नव्हते. नंतर विचारले तेव्हा चाचांनी भोपळा कापण्यापासून रोगणापर्यंत सारे दाखवायचे कबूल केले. जवारी मात्र फक्त वर्गातल्या मुलांना, हात धरून शिकवीन, म्हणाले. आमच्या मते चाचांचे बरोबर आहे. चित्रीकरणावर हक्क कोणाचा, ते कोणाला दाखवायचे, विकायचे की नाही, हे अर्ज करण्यापूर्वीच कागदावर लिहून वडीलधाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. नंतर घरात भांडणे नकोत.

आणखी एक गोष्ट. दहा मुलांच्या यादीत एकही मुलगी नव्हती. कारण विचारले तेव्हा तिघेही गप्प बसले.

अर्ज कोठे करावा? बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही १९९३ साली स्थापन झालेली स्वतंत्र संस्था कलेवरील संशोधन, निर्मिती व शिक्षणासाठी अनुदान देते आणि भारतीय भाषांतील अर्ज स्वीकारते. म्हणजे आपल्या मराठीतच लिहावे. मोडक्या इंग्रजीपेक्षा ते शतपटीने चांगले. ज्याने गुरूकडे निदान पाच वर्षे गायन-वादन शिकले आहे अशा १८ ते २५ वयाच्या मुलासाठी केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकार शिष्यवृत्ती आहे, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षे. अल्पसंख्याकांच्या पारंपरिक कारागिरीसाठी २०१५ साली निघालेली ‘उस्ताद’ योजना पुढे पीएम विकास योजनेत विलीन झाली. अशा योजना संस्थांमार्फत राबवल्या जातात, म्हणून तेथे एकट्या मुलाने धावपळ करण्यापेक्षा नोंदणीकृत संस्था गाठावी.

२०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेचे नाव घराघरांत गेले आहे. पण तिच्या १८ व्यवसायांत सुतार, लोहार, शिंपी, कुलूप बनवणारे आहेत. वाद्य बनवणारे असा वेगळा व्यवसाय नाही. शिवाय तिचे कर्ज पाच टक्के व्याजाचे. व्याजामुळे मागे हटणाऱ्या बांधवांनी एवढे लक्षात घ्यावे की त्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि प्रशिक्षणही आहे, आणि कर्ज घेण्याची सक्ती नाही.

अनुदानात तर परतफेडही नाही आणि व्याजही नाही. पण ती जकात किंवा सदकाही नव्हे, की घेतले आणि दुआ दिली. तो ठरलेल्या कामाचा पैसा आहे, म्हणजे अमानत. तारांसाठी मागितलेला पैसा दुकानाच्या पत्र्याला लावता येत नाही. वेगळे बँक खाते, प्रत्येक खरेदीची पावती, वर्गाची हजेरी आणि शेवटी अहवाल हे चुकत नाही. भोपळे विकणारा शेतकरी छापील पावती देणार नाही. त्याच्याकडून साध्या कागदावर तारीख, नग, रक्कम लिहून सही घ्यावी, आणि असे चालेल का हे देणाऱ्या संस्थेला आधीच विचारावे.

त्या तिघांनी अर्ज पुन्हा लिहिला. परंपरेचे दीड पान सहा ओळींवर आले, चाचांची मजुरी चढली, आणि यादीत दोन मुली आल्या. त्यांतली एक चाचांचीच नात आहे. अर्ज रवाना झाला आहे. उत्तर अजून यायचे आहे. दरम्यान वर्ग मात्र चाचांच्या पडवीत, चार मुलांवर, सुरू झाला आहे.